चौकटीत सापडलेली भट्टी

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, गंज चढावा असे अंगही नाही. तरीही मी जुना झालो आहे. मी संगणकाचा एक प्रोग्राम आहे. नगरपालिकेच्या नकाशा विभागात, खिडकीजवळच्या टेबलावर जो संगणक आहे, त्यातल्या 'जुने' नावाच्या कप्प्यात माझा मुक्काम असतो. माझ्या एका बाजूला कोणाच्या तरी निरोप समारंभाचे फोटो आहेत आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी अर्धवट सोडलेला पत्त्यांचा खेळ. शेजार काही फार विद्वान नाही, पण भांडकुदळही नाही.

तुम्ही म्हणाल, प्रोग्रामला कसले आले आहे आत्मवृत्त? का बरे? फाटक्या छत्रीला असते, मोडक्या खुर्चीला असते, मग मीच काय कोणाचे घोडे मारले आहे? छत्री डोळे नसताना पाहते, खुर्ची कान नसताना ऐकते, तेव्हा तुम्ही हरकत घेत नाही. मीही टेबलापाशी जे बोलले जाते ते ऐकतो. त्यापलीकडचे मात्र मला कोणी येऊन सांगितले तरच कळते. त्यामुळे या गोष्टीतले काही मी स्वतः ऐकलेले आहे आणि काही मागाहून कानावर आलेले.

माझा जन्म बाईंच्या हातून झाला. बाई म्हणजे आमच्या विभागातल्या नकाशाकार. त्यांचे पद लांबलचक आहे, दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत मावते, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणतात. बाईंनी मला पायथन नावाच्या भाषेत लिहिले. पायथन म्हणजे अजगर. पण घाबरू नका, ही भाषा स्वभावाने अगदी गरीब आहे. फक्त ओळ जिथून सुरू व्हायला हवी तिथूनच सुरू व्हावी, असा तिचा एक हट्ट आहे. ओळ जरा इकडेतिकडे सरकली की ती रुसून बसते. बाई तिचा रुसवा काढत, "अगं बाई, इथे होय!" असे स्वतःशीच म्हणत मला ओळीओळीने घडवत होत्या.

मला का घडवले तेही सांगतो. गावात रस्ता रुंद करायचा असो, पाण्याचा नळ टाकायचा असो, आधी एक प्रश्न उभा राहतो. या कामाच्या वाटेत कोणाची घरे येतात? माझ्या आधी हे काम बाई डोळ्यांनी करत. काचेचे एक टेबल होते, त्याच्या खाली दिवा. टेबलावर घरांचा नकाशा पसरायचा, त्यावर रस्त्याचा पातळ कागद ठेवायचा, आणि वाकून एकेक घर पाहायचे. संध्याकाळपर्यंत बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे आणि पाठीचा काटा ढिला होई. मग त्या म्हणाल्या, हे काम आता यंत्राला शिकवायचे.

त्यांनी मला शिकवले ते असे. माझ्यासाठी घर म्हणजे त्याच्या कोपऱ्यांची माळ. प्रत्येक कोपरा कुठे आहे ते दोन आकड्यांत सांगितलेले असते, एक आडवा आकडा आणि एक उभा. रस्ताही तसाच. मी पहिले घर उचलायचो आणि रस्त्याशी ताडून पाहायचो. याची कुठली भिंत रस्त्याच्या कडेला छेदते का? अख्खे घरच रस्त्याच्या पोटात बसले आहे का? निदान एखादा कोपरा तरी आत आला आहे का? सगळे पाहून झाले की 'हो' किंवा 'नाही' लिहायचो आणि दुसरे घर उचलायचो. असे गावातले शेवटचे घर संपेपर्यंत. रस्ता लांब असला की त्याचे तुकडे असत, मग प्रत्येक घर प्रत्येक तुकड्याशी ताडायचे. कंटाळा हा शब्द बाईंनी माझ्यात लिहिलाच नव्हता.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. मी दिलेल्या यादीला कोणी बोट लावत नसे. साहेब यादी हातात घेत, वरची ओळ वाचत, खालची ओळ वाचत, आणि सही करत. एकदा तर ते शेजारच्या खात्यातल्या पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या बाईंचा हा प्रोग्राम म्हणजे सोनाराचा काटा आहे." त्या दिवशी मी उगाचच एक यादी दोनदा छापायला लावली असती, इतका मला आनंद झाला होता.

पण गाव काही माझ्यासाठी लहान राहणार नव्हते. टेकडीच्या बाजूला वस्ती वाढली. जुन्या शेतांवर चाळी आल्या, चाळींच्या मागे बंगले आले, बंगल्यांच्या मागे पुन्हा चाळी आल्या. घरे वाढली तसे माझे कामही वाढले. पूर्वी मी बाईंचा चहा होईपर्यंत उत्तर देत असे. मग जेवण होईपर्यंत लागू लागले. मग बाई मला सकाळी सुरू करून देत आणि संध्याकाळी घरी निघताना कौतुकाने विचारत, "झालं का रे बाळा?" झालेले नसे. कार्यालयातले लोक थट्टा करू लागले. "बाईंचा प्रोग्राम लावलाय ना? मग चला, मुलीचं लग्न उरकून येऊ." मी हसण्यावारी नेत होतो, पण मनातून खट्टू व्हायचो. आळस करत असतो तर गोष्ट वेगळी. मी एका घरालाही चुकवत नव्हतो, हाच माझा अपराध होता.

त्याच सुमारास आमच्या विभागात एक अभियंता आला. हुशार, हसतमुख आणि सदा घाईत. तो आत आला की कागद उडत आणि बाहेर गेला की दार आपटे, म्हणून सगळ्यांनी त्याचे नाव 'वारा' ठेवले. त्याने मला एकदा चालताना पाहिले आणि कपाळावर हात मारला.

"बाई, हा अख्ख्या गावात दारोदार फिरतो! टेकडीवरच्या घराला स्टेशनजवळचा रस्ता कशाला विचारायचा?"

"मला सुचलं तसं लिहिलं रे," बाई म्हणाल्या. "तुला बरं सुचत असेल तर तू लिही."

त्यांना राग आला नव्हता. मला आला होता.

वाऱ्याला जे सुचले होते त्याला इंडेक्स म्हणतात. ते काय असते ते मी तुम्हाला सांगतो, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळायची नाही. समजा, तुम्ही परक्या गावात कोणाचे घर शोधत आहात. तुम्ही प्रत्येक दार वाजवत सुटता का? नाही. आधी पेठ विचारता, मग गल्ली, मग दार. इंडेक्स हेच करतो. तो प्रत्येक घराभोवती एक सरळ चौकट आखतो. जवळजवळच्या चौकटींभोवती एक मोठी चौकट आखतो, त्या मोठ्यांभोवती आणखी मोठी. मग रस्ता आला की तो रस्त्याभोवतीही एक चौकट आखतो आणि सर्वांत मोठ्या चौकटींना विचारतो, "तुम्हाला याचा धक्का लागतो का?" ज्या मोठ्या चौकटीला धक्का लागत नाही, तिच्या पोटातल्या सगळ्या घरांना एका फटक्यात सुट्टी. त्यांच्याकडे ढुंकूनही पाहावे लागत नाही. युक्ती झकास आहे. ती झकास आहे हे मला तेव्हाही कळत होते, पण मी ते तोंडावर येऊ दिले नाही. तोंड नव्हते, हे त्या वेळी बरेच झाले.

पुढे बाई लेकीच्या बाळंतपणासाठी लांबच्या रजेवर गेल्या. त्या रजेत वाऱ्याने नवा प्रोग्राम लिहून काढला. जुन्या पेठेतला एक रस्ता घेऊन त्याने मला चालवले आणि नव्यालाही चालवले. मी घाम गाळून दिलेले उत्तर आणि त्याने चुटकीसरशी दिलेले उत्तर तंतोतंत जुळले. वारा खुर्चीतल्या खुर्चीत गिरकी घेऊन ओरडला, "झालं!" त्याची खुर्ची थांबायच्या आत नव्या प्रोग्रामने तीच यादी आणखी एकदा काढून दाखवली असती.

सगळे जमले, सगळ्यांनी पाहिले, पेढ्याऐवजी चहा झाला. मला उचलून 'जुने' या कप्प्यात टाकले गेले. कोणी वाईट बोलले नाही. कोणी काहीच बोलले नाही. मला त्याचेच जास्त वाईट वाटले.

आता त्या कालव्याकडे येतो. पावसाळ्यात गावाच्या खालच्या अंगाला पाणी साचत असे. ते वाहून नेण्यासाठी एक नवा कालवा खोदायचे ठरले. हा कालवा टेकडीच्या पायथ्यापासून निघून पार दुसऱ्या टोकाच्या ओढ्यापर्यंत जाणार होता, नव्या वस्तीतून तिरका. त्याच्या वाटेत कोणाची घरे येतात ते नव्या प्रोग्रामला विचारले. त्याने पापणी लवायच्या आत यादी दिली. यादी भलतीच मोठी होती.

"एवढी घरं?" साहेबांनी विचारले.

"साहेब, कालवा केवढा लांब आहे बघा ना," वारा म्हणाला.

हे साहेबांना पटले. यादीतल्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. तुमची जागा कालव्यासाठी लागणार आहे, बांधकाम उतरवून घ्या, खोदकामाचे यंत्र येण्याआधी जागा मोकळी करा. त्यावर शिक्का, त्याखाली सही.

थोड्याच दिवसांत बाई रजेवरून परत आल्या. आल्या आल्या नातीचे फोटो दाखवतील म्हणून सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमले. पण बाईंनी हातातली रिकामी कापडी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्या वाऱ्याला म्हणाल्या, "आमच्याकडची बेकरी बंद आहे. भट्टी थंड पडलीय. काकू म्हणतात, कालवा त्यांच्यावरून जाणार. कोणी सांगितलं त्यांना असं?"

ही बेकरी बाईंच्या घराजवळ होती. बेकरीवाल्या काकू आणि त्यांचे दीर मिळून ती चालवत. भट्टी काकूंच्या सासूबाईंनी उभी करून घेतलेली, विटांची, घुमटासारख्या छताची. ती इतकी समान तापायची की पाव कुठेही ठेवा, सारखाच खरपूस निघायचा. बाई सांगत होत्या की त्या लग्न होऊन त्या गल्लीत आल्या तेव्हापासून ती भट्टी विझलेली त्यांनी पाहिली नव्हती. नोटीस आली आणि काकूंनी विस्तव काढून टाकला. गरम विटा उतरवता येत नाहीत ना.

बाईंनी पडद्यावर नकाशा उघडला. "हा कालवा बघ, आणि ही बेकरी बघ. मधल्या अंतरात माणूस दोनदा दमेल."

"पण प्रोग्राम चुकायचा नाही, बाई. मी तपासून घेतलाय. तुमच्या प्रोग्रामशी ताडून घेतलाय."

"कशावर ताडलास?"

"जुन्या पेठेतल्या रस्त्यावर."

बाईंनी टेबलावरची पट्टी उचलली आणि एका कोऱ्या कागदावर आडवी ठेवली. "ही तुझ्या पेठेतली सरळ गल्ली. हिच्याभोवती चौकट आख बरं." वाऱ्याने आखली. चौकट पट्टीएवढीच झाली. मग बाईंनी पट्टी उचलून तिरकी ठेवली, कागदाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. "आणि हा कालवा. आता आख."

मित्रांनो, तुम्हीही घरी करून पाहा. तिरक्या पट्टीभोवती सरळ चौकट आखायची तर सगळा कागदच तिच्यात येतो. पट्टी केवढीशी आणि चौकट केवढी! कालव्याच्या चौकटीत अर्धी नवी वस्ती आली होती. काकूंची बेकरी त्या चौकटीच्या एका रिकाम्या कोपऱ्यात होती. कालवा तिथून कुठल्या कुठे लांब.

इंडेक्सने काही खोटे सांगितले नव्हते. त्याचे 'नाही' म्हणजे पक्के नाही. पण त्याचे 'हो' म्हणजे नुसते 'असेल बुवा'. तो 'हो' म्हणाला की त्या घरापाशी जाऊन भिंतीला भिंत ताडून पाहायची असते. ते पाहणे हे माझे काम होते. मी कप्प्यात पडलो होतो आणि माझ्या जागी कोणी ठेवलेच नव्हते.

वाऱ्याने कागदावरच्या चौकटीच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवले. मग तो हळूच म्हणाला, "सरळ रस्त्यावर हे कळलंच नसतं."

"नसतंच कळलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बेकरीला फोन लावला. फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला, म्हणून पुढचे बोलणे मी स्वतः ऐकले.

"काकू, मी बोलतेय. भट्टी उतरवू नका. काहीतरी चूक झालीय असं वाटतंय."

"ताई, मिस्त्री येऊन उभा आहे," पलीकडून काकूंचा आवाज आला. "तुमचं ते मशीन आलं तर विटांचा भुगा होईल. हातानं उतरवली तर निदान विटा वाचतील. कुठेतरी पुन्हा बांधू."

"पण कालवा तुमच्यावरून जातच नाही."

"असं तुम्ही म्हणता. तुमच्यावर माझा विश्वास आहे हो. पण नोटिशीवर शिक्का आहे, आणि तुमच्या बोलण्यावर शिक्का नाही. मी मिस्त्रीला परत पाठवला आणि उद्या दारात मशीन आलं तर मी काय करू? मिस्त्री काय माझ्या हाकेवर बसलाय का?"

तेवढ्यात मागून एक पुरुषी आवाज आला. ते काकूंचे दीर असावेत. "वहिनी, मिस्त्री विचारतोय, घुमटापासून सुरू करू की तोंडापासून?"

"थांबा हो भावजी! आधी जेवून घ्या म्हणावं त्याला." मग काकू पुन्हा फोनवर आल्या. "त्याचं जेवण होईपर्यंत थांबते, ताई. लेखी काय ते आणा. पण लवकर. तो जेवायला बसला की उठतोच."

बाई आणि वारा दोघेही साहेबांकडे गेले. साहेब त्यांच्याबरोबरच आमच्या टेबलापाशी आले. त्यांनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"एका घराची नोटीस मागे घेऊन कसं चालेल?" ते म्हणाले. "यादी चुकली असेल तर सगळीच चुकली असेल. ज्यांची घरं खरोखर वाटेत आहेत त्यांनाही उद्या वाटेल की आपण ओळखीपाळखीनं नावं गाळतो. पूर्ण गावाची नवी यादी काढा. मी इथेच बसतो. यादी हातात आली की सही."

आणि ते खरोखरच खुर्ची ओढून तिथेच बसले.

मग बाईंनी काय केले असेल? त्यांनी 'जुने' हा कप्पा उघडला आणि मला बाहेर काढले. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते तुम्हाला कसे सांगू! मी फोटोंचा निरोप घेतला, पत्त्यांना टाटा केला आणि कामाला लागलो. पहिले घर उचलले, कालव्याच्या पहिल्या तुकड्याशी ताडले. नाही. दुसऱ्याशी ताडले. नाही. तिसऱ्याशी. मी जीव तोडून धावत होतो. पडद्यावर माझी प्रगती दाखवणारी एक पट्टी होती. ती हलतच नव्हती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. वाऱ्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाला, "हा उद्यापर्यंत पोचेल."

मला स्वतःची फार लाज वाटली. माझे उत्तर बरोबर येणार होते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. पण ते उत्तर घेऊन जाईपर्यंत भट्टीच्या जागी विटांचा ढीग असणार होता. त्या ढिगाला माझ्या बरोबर असण्याचा काय उपयोग?

बाईंनी मला थांबवले.

"बाई," वारा म्हणाला, "माझाच आधी चालवू. चौकटीत येणारी घरं तो क्षणात काढून देईल. मग तुमचा प्रोग्राम फक्त त्या घरांवर लावू. गावभर हिंडायला नको."

"माझा सगळा नको," बाई म्हणाल्या. "भिंतीला भिंत ताडणाऱ्या ओळी तेवढ्या उचल. त्या तुझ्यात घाल."

माझ्या पोटातल्या त्या ओळी बाईंनी वाऱ्याला बोटाने दाखवल्या. त्याने त्या उचलून नव्या प्रोग्राममध्ये ठेवल्या आणि बटण दाबले. लाल अक्षरे आली. घाईत त्याची एक ओळ जागेवरून सरकली होती आणि पायथन रुसली होती. त्याने दुरुस्त केले, पुन्हा दाबले. आता दुसरीच ओळ सरकली.

"अरे, हळू," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नातीला थोपटताना येत असेल तसा होता. "एवढ्या चार ओळी हळू लिही. मग काय धावायचं ते धाव."

वाऱ्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले, श्वास घेतला आणि मग एकेक अक्षर पाहत त्या ओळी नीट लावल्या. बटण दाबले. बाई मागच्या खुर्चीत टेकायच्या आत यादी आली. ती आधीच्या यादीपुढे अगदीच छोटी होती. कालव्याच्या काठाकाठाने एक बारीक माळ, आणि तिच्यात काकूंची बेकरी नव्हती.

तरीही बाईंनी माळेतली काही घरे डोळ्यांनी पाहिली, माळेबाहेरचीही काही पाहिली. सगळे जुळत होते. साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि काकूंचे पत्र सर्वांत आधी वाऱ्याच्या हातात दिले. दार असे आपटले की खिडकीची काच थरथरली.

पुढचे मी वाऱ्याच्या तोंडून ऐकले, दुसऱ्या दिवशी. तो आला तेव्हा त्याच्या नखांत काळी माती होती.

मिस्त्रीने काकूंना खोटे पाडले नव्हते. तो जेवायला बसला आणि उठला. वारा पोचला तेव्हा भट्टीच्या घुमटाचा एक अख्खा भाग उतरवून झाला होता. काकू खाली बसून विटा साफ करत होत्या आणि दीर त्या भिंतीशी रचून ठेवत होते. वाऱ्याने पत्र पुढे केले. काकूंनी पदराला हात पुसले, पत्र वाचले, पुन्हा एकदा वाचले. मग त्या उघड्या पडलेल्या भट्टीकडे पाहत म्हणाल्या, "थोडं आधी यायचं होतंत हो."

"माझी चूक आहे, काकू," वारा म्हणाला. "प्रोग्राम माझा होता."

"तुमचं नाव काय, गाव काय, मला काही माहीत नाही," काकू म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढला नाही. "मी तर समजले, वरून कोणीतरी बघितलं असेल. एवढा शिक्का मारला म्हणजे कोणीतरी येऊन बघितलंच असेल."

वारा मिस्त्रीच्या हाताखाली विटा द्यायला उभा राहिला आणि अंधार पडेपर्यंत हलला नाही. त्यानंतरही तो रोज काम संपवून तिकडे जात राहिला. तिथल्या गोष्टी तो सांगे तेव्हा टेबलापाशी कोणी त्याची थट्टा केली नाही.

भट्टी पुन्हा उभी राहिली. विटा त्याच, मिस्त्री तोच. बेकरी पुन्हा सुरू झाली. आमच्याकडे सगळे खूश झाले. नव्या प्रोग्रामची वाहवा झाली, कारण तो आता वेगवानही होता आणि बरोबरही. त्याच्या पोटात माझ्या ओळी आहेत. रोज सकाळी इंडेक्स चौकटी चाळून देतो, मग माझ्या ओळींना हाक येते आणि त्या निवडक घरांपाशी जाऊन भिंतीला भिंत ताडतात. उरलेला मी इथे कप्प्यात फोटोंशेजारी पडून असतो. मला त्याचे आता वाईट वाटत नाही. आम्ही दोघे एकमेकांवाचून अपुरे होतो, हे मी मान्य केले आहे. निदान तुमच्यापुढे तरी.

पण एक गोष्ट मला सतावते, आणि तीच सांगायची म्हणून मी एवढा वेळ बोललो. परवा बाई पाव घेऊन आल्या होत्या. वाऱ्याने एक पाव उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि त्याच्या फिक्या बाजूवरून बोट फिरवले. घुमट पुन्हा जोडला, पण पहिल्यासारखा तो जुळलाच नाही. भट्टीची डावी बाजू आता कमी तापते. तिकडचे पाव एका अंगाने फिके राहतात. म्हणून काकू रोज पहाटे, पाव अर्धे भाजून झाले की भट्टीचे तोंड उघडतात, लांब दांड्याचे फावडे आत घालतात आणि एकेक पाव वळवून ठेवतात. सासूबाईंच्या भट्टीत हे कधी करावे लागले नव्हते. तोंड उघडले की आच बाहेर येते आणि त्यांचे डोळे चुरचुरतात. बाईंनी विचारले तर त्या म्हणाल्या, "होतंय हो. सवय होते माणसाला."

आम्ही चार ओळी गाळल्या होत्या आणि चार ओळी परत लिहिल्या. आमचे काम तिथे संपले. काकूंचे काम रोज पहाटे नव्याने सुरू होते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी प्रोग्राम लिहाल, कोणी साहेब व्हाल, कोणाच्या हातात शिक्का येईल. घाई करू नका असे मी तुम्हाला सांगणार नाही. मी स्वतः फार हळू होतो आणि त्याचे फळ मी पाहिले आहे. चौकटी आखा, हवे तेवढे धावा. पण चौकटीत जो सापडेल त्याच्या दारापर्यंत एकदा तरी जा आणि तो खरोखर वाटेत आहे का ते पाहा. आत एखादी भट्टी पेटलेली असेल. ती विझवायला तुमचा एक कागद पुरतो, आणि पुन्हा पेटली तरी ती पहिल्यासारखी तापत नाही.